रेफरी रिपोर्ट कसा वाचायचा आणि कसा मागायचा

प्रश्न असा आला आहे: "मुलुंडच्या एका स्वायत्त कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. माझा पीएच.डी.चा प्रबंध बाहेरच्या दोन परीक्षकांकडे गेला होता. एकाने चार ओळींत मान्यता दिली, दुसऱ्याने अडीच पानं दुरुस्त्या पाठवल्या. त्यातच सीड मनीचे, म्हणजे संशोधन सुरू करायला कॉलेज देतं त्या रकमेचे, प्रस्ताव तपासणाऱ्या कॉलेजच्या समितीत माझं नाव आलंय. विद्यापीठं पीअर रिव्ह्यू करून, म्हणजे त्याच विषयातल्या जाणकारांकडून वाचून घेऊन, संशोधनाचा दर्जा नेमका ठरवतात कशी, आणि आमच्यासारख्यांनी ते नीट करायचं तर कसं?"

मॅडम, विद्यापीठाच्या कारभारात संशोधनाचा दर्जा ठरवण्याची ठिकाणं बरीच आहेत, पण कुणीतरी बसून ते संशोधन वाचतं अशी ठिकाणं मोजकीच. प्रबंध वाचला जातो. अनुदानाचा प्रस्ताव बहुधा वाचला जातो. नेमणूक, पदोन्नती, नॅक (संस्थेचं मूल्यांकन) आणि एनआयआरएफ (संस्थांची क्रमवारी) इथे मुख्यतः मोजदाद चालते. मोजताना गृहीत असं धरलेलं असतं की हा निबंध जर्नलच्या रेफरींनी, म्हणजे जर्नलने निवडलेल्या तज्ज्ञ वाचकांनी, आधी वाचलेलाच आहे. ते वाचन झालं होतं का आणि कसं झालं होतं, हे सहसा कुणी विचारत नाही. तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर या फरकात आहे.

प्रबंधापासून सुरुवात करू. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022च्या पीएच.डी. नियमावलीप्रमाणे गाइडखेरीज किमान दोन बाह्य परीक्षक लागतात. ते त्या संस्थेच्या नोकरीत नसावेत आणि शक्य असेल तिथे एक भारताबाहेरचा असावा. दोघांनी शिफारस केली तरच व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, होते. एकाने नाकारलं तर प्रबंध पॅनेलवरच्या पर्यायी परीक्षकाकडे जातो आणि त्यानेही नाकारलं की विषय संपला. जमा केल्यापासून व्हायवाच्या निकालापर्यंत सगळं सहा महिन्यांत उरकायचं असतं. 2016च्या नियमावलीत जमा करण्याआधी रेफरीड जर्नलमध्ये एक शोधनिबंध आणि परिषदांमध्ये दोन सादरीकरणं सक्तीची होती. 2022मध्ये ती अट गेली. त्या अटीने भुरट्या जर्नलांचा धंदा पोसला होता, त्यामुळे ती गेली याचं वाईट वाटायचं कारण नाही. पण आता बाहेरच्या माणसाने काम पहिल्यांदा वाचायची वेळ बऱ्याचदा थेट परीक्षणातच येते. सल्लागार समितीसमोर दर सहामाहीला सादरीकरण होतं खरं, पण ती घरची माणसं.

ही पद्धत बिघडते ती वाचनाच्या आधी, पॅनेल ठरतं तेव्हा. समिती आणि कुलगुरू पॅनेल मंजूर करतात, पण नावं बहुतेक ठिकाणी गाइडकडूनच येतात, कारण त्या उपविषयात कोण काय करतंय हे त्यालाच ठाऊक असतं. हे रास्तच आहे. अडचण साट्यालोट्याची: तुझे विद्यार्थी माझ्याकडे, माझे तुझ्याकडे. अशा पॅनेलवरून आलेले अहवाल लगेच ओळखू येतात. ते लवकर येतात, छोटे असतात आणि त्यात विशेषणं फार असतात. दुसरा बिघाड साधा कारकुनी आहे. यादीतले एक सर निवृत्त झालेले असतात, दुसऱ्यांचा ईमेल पत्ता जुन्या संस्थेचा असतो, आणि प्रबंध तीन महिने कुणाच्याच टेबलावर नसतो. यावर उपाय म्हणजे आधी फक्त सारांश पाठवून संमती मागायची, होय-नाहीसाठी दहा दिवस द्यायचे, उत्तर आलं नाही तर पुढच्या नावाकडे जायचं, आणि संमती मिळाल्यावरच प्रबंध पाठवून सहा ते आठ आठवड्यांची तारीख लिहून द्यायची.

आता तुमचे दोन अहवाल. तुमचा प्रबंध माझ्यासमोर नाही, म्हणून एक काल्पनिक नमुना घेतो. समजा विषय आहे मिठी नदीच्या गाळातलं शिसं. पहिला अहवाल म्हणतो: "विषय समयोचित आहे. मांडणी सुसूत्र आहे. संदर्भसूची समृद्ध आहे. पदवीसाठी शिफारस करतो." या वाक्यांत मिठीच्या जागी संत तुकाराम घाला, काही बिघडत नाही. जो अहवाल दुसऱ्या कुठल्याही प्रबंधाला जसाच्या तसा चालतो, तो परीक्षण म्हणून धरायचा नाही, मग निकाल तुमच्या बाजूचा का असेना.

दुसरा अहवाल म्हणतो: "तक्ता 4.7मध्ये नमुने 40 आहेत, पान 112वर 38. दोन का वगळले? सर्व नमुने फेब्रुवारी ते मे या काळातले आहेत आणि निष्कर्ष वर्षभराचा काढला आहे. पावसाळ्यात नदी जुना गाळ वाहून नेते आणि नवा आणते. एकतर पावसाळ्यानंतरचे नमुने घ्यावेत, नाहीतर निष्कर्ष उन्हाळ्यापुरता मर्यादित करावा. प्रमाणित संदर्भ पदार्थ (ज्यातलं शिसं आधीच ठाऊक आहे असा नमुना) चालवून रिकव्हरी, म्हणजे त्यातलं शिसं मोजणीत किती टक्के सापडलं, याची नोंद नाही. ती नसेल तर दर किलोला इतके मिलिग्रॅम या आकड्यांवर विसंबता येत नाही."

यातल्या प्रत्येक आक्षेपात जागा दाखवली आहे, तिथे काय चुकलंय ते आहे आणि त्याने कुठला निष्कर्ष डळमळतो तेही आहे. दुसऱ्या आक्षेपात तर उपायही दोन दिलेत, एक महागडा आणि एक स्वस्त. अडीच पानांचा अहवाल पाहून पोटात गोळा येतो, पण असा परीक्षक मिळणं हे नशीब. शिवाय दुरुस्त्या सुचवणं म्हणजे नाकारणं नव्हे. "दुरुस्त्यांसह मान्य" हा निकाल नियमात बसतो आणि चांगल्या प्रबंधांनाही तो नेहमी मिळतो.

मोजदादीच्या बाजूला काय चालतं ते एका हिशेबात दिसेल. यूजीसीच्या 2018च्या नियमावलीत कॅससाठी, म्हणजे प्राध्यापकांच्या पदोन्नतीच्या योजनेसाठी, रिसर्च स्कोअर आहे. विज्ञान शाखेत पीअर रिव्ह्यूड किंवा यूजीसीच्या यादीतल्या जर्नलमधल्या निबंधाला 8 गुण, भाषा, समाजशास्त्रं आणि वाणिज्य या बाजूला 10. वर जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरची (तो कसा निघतो ते पुढे येतंच) भर: तो नसेल तर 5, 1पेक्षा कमी असेल तर 10, 1 ते 2 असेल तर 15, 2 ते 5 असेल तर 20, 5 ते 10 असेल तर 25, त्यापुढे 30. ही भर मूळ गुणांत मिळवायची, असाच अर्थ बहुतेक ठिकाणी लावतात. म्हणजे 2.3 इम्पॅक्ट फॅक्टरच्या जर्नलमधला रसायनशास्त्राचा निबंध झाला 28 गुणांचा. लेखक तिघं असतील तर मुख्य लेखकाला 70 टक्के म्हणजे 19.6, बाकीच्या दोघांना प्रत्येकी 30 टक्के म्हणजे 8.4. प्रोफेसर पदाच्या पदोन्नतीला असे 110 गुण आणि किमान 10 शोधनिबंध लागतात.

आता वरचा परिच्छेद पुन्हा पाहा. 19.6 हा दशांशापर्यंत काटेकोर आकडा काढताना निबंधाचं शीर्षकसुद्धा वाचावं लागलं नाही. इम्पॅक्ट फॅक्टर हा जर्नलच्या आधीच्या दोन वर्षांतल्या लेखांना मिळालेल्या उद्धरणांची सरासरी असतो. थोड्या लेखांना भरपूर उद्धरणं मिळतात आणि पुष्कळांना जेमतेम, त्यामुळे सरासरीवरून एका निबंधाची लायकी कळत नाही. विरारहून चर्चगेटला जाणाऱ्या गाडीतल्या प्रवाशांचं सरासरी वय काढून दारात उभ्या असलेल्याचं वय सांगण्यातला हा प्रकार. नेमका यालाच आक्षेप घेणारा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा, म्हणजे डोरा, 2012मध्ये तयार झाला. आपल्याकडच्या गुणतक्त्यांवर त्याचा फारसा परिणाम दिसत नाही.

जर्नलची यादी ही दुसरी कुबडी होती. यूजीसीच्या आधीच्या यादीतून 2018च्या मे महिन्यात 4,305 जर्नलं एका फटक्यात काढावी लागली. मग पुण्याच्या विद्यापीठातल्या कक्षाच्या मदतीने 'केअर' यादी आली, आणि फेब्रुवारी 2025मध्ये यूजीसीने तीही बंद केल्याचं जाहीर केलं. तिच्या जागी जर्नल पारखण्याचे सुचवलेले निकष आले आणि पारखायची जबाबदारी संस्थांवर टाकली गेली. म्हणजे आता तुमच्या कॉलेजलाच ठरवायचंय. घाईत असाल तरी जर्नलच्या तीन गोष्टी पाहाच. निबंध मिळाल्याची, सुधारून आल्याची आणि स्वीकारल्याची तारीख छापली आहे का, आणि पहिल्या व शेवटच्या तारखेत चारच दिवसांचं अंतर आहे का? संपादक मंडळातले लोक त्यांच्या संस्थेच्या पानावर ती जबाबदारी सांगतात का? एकाच अंकात दंतवैद्यक, जीएसटी आणि दलित साहित्य शेजारी-शेजारी आहे का? तिसऱ्याचं उत्तर "हो" असेल तर पहिल्या दोन गोष्टी तपासायचे कष्ट वाचतात.

मोठ्या प्रमाणावर खरोखर वाचून दर्जा ठरवायचा प्रयत्न ब्रिटनमध्ये होतो. तिथे 1986पासून दर काही वर्षांनी देशभरातल्या विद्यापीठांच्या संशोधनाचं मूल्यमापन होतं. आरईएफ या नावाखाली त्याची अलीकडची फेरी 2021ची. त्यात 157 संस्थांनी 34 विषयगटांत 1,85,594 संशोधनकृती वाचनासाठी दिल्या. संशोधनकृतींना 60 टक्के वजन होतं, समाजावरच्या प्रभावाला 25 आणि संशोधनाच्या वातावरणाला 15. प्रत्येक कृतीला नावीन्य, महत्त्व आणि काटेकोरपणा या तीन कसोट्यांवर एक ते चार तारे, किंवा काहीच नाही. काही पॅनेलनी उद्धरणांचे आकडे जोडीला पाहिले, पण जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर वापरायची मुभा कुणालाच नव्हती. निकाल विभागाचा जाहीर होतो, अमुक प्राध्यापकाच्या अमुक निबंधाला किती तारे मिळाले ते बाहेर येत नाही. या फेरीचा खर्च सुमारे 47 कोटी पौंड धरला गेला, त्यामुळे ही पद्धत उचलून आणा असं कुणी म्हणत असेल तर आधी हा आकडा दाखवावा.

पण त्यातली एक गोष्ट फुकट उचलता येते. खरं काम सुरू होण्याआधी पॅनेलचे सगळे सदस्य तेच काही निबंध वाचतात, स्वतंत्रपणे तारे देतात आणि मग एकत्र बसून तफावत का पडली ते बोलतात. आपल्याकडे पेपर तपासणीआधी मॉडरेटर सगळ्यांकडून चार उत्तरपत्रिका तपासून घेतो, तसंच.

याची गरज का पडते? कारण जाणकार वाचकांचंही एकमत होत नाही. संगणकशास्त्रातल्या न्यूरिप्स परिषदेने 2014मध्ये 166 निबंध दोन स्वतंत्र समित्यांकडे दिले. साधारण चारातल्या एका निबंधावर एका समितीचा होकार आणि दुसरीचा नकार आला. एका समितीने स्वीकारलेल्या निबंधांपैकी निम्म्याहून जास्त दुसरीने नाकारले होते. अगदी वाईट काम सगळ्यांना ओळखता येतं. मधल्या पट्ट्यात मात्र नशिबाचा भाग मोठा असतो. तेव्हा एकाच रेफरीच्या गुणांवर कुणाचे पैसे किंवा पदोन्नती अडवू नये.

तुमच्या समितीकडे येतो. समजा सीड मनीसाठी 15 प्रस्ताव आले. प्रत्येकाला दोन बाहेरचे वाचक आणि एक आतला, पण दुसऱ्या विभागातला. म्हणजे बाहेरचे 30 अहवाल. एका माणसाला चारांहून जास्त प्रस्ताव देऊ नका, पाचव्यापासून वाचन पातळ होतं. 8 वाचक लागतील, त्यासाठी 15-16 जणांना विचारा. माणसं शोधायला ओळखीपाळखीच्या आधी शोधगंगा हा भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह उघडा. त्या विषयावर गेल्या पाच वर्षांत प्रबंध कुणाच्या हाताखाली झालेत ते तिथे दिसतं. प्रस्तावाच्या संदर्भसूचीतली नावंही पाहा, आणि सूचीत असायला हवी होती पण नाहीत ती तर नक्कीच. मुंबईत आयआयटी, माटुंग्याची आयसीटी, टीआयएफआर, टिस आणि एसएनडीटी हाताशी आहेत, म्हणून सगळे वाचक मुंबईचेच घ्यायचा मोह होतो. निदान निम्मे पुणे, बडोदा, हैदराबाद असे बाहेरचे घ्या. विषय लहान असला की इथे सगळे एकमेकांना ओळखतात.

हितसंबंधाची घोषणा फाइल उघडण्याआधी लेखी घ्यायची. गेल्या तीन-चार वर्षांतला सहलेखक, केव्हाचाही गाइड किंवा विद्यार्थी, नातेवाईक, एकाच अनुदानातला भागीदार, यातलं काहीही असेल तर तो प्रस्ताव त्या माणसाकडे जाणार नाही. बैठकीत त्या प्रस्तावाची वेळ आली की संबंधित सदस्याने बाहेर जायचं. खोलीत गप्प बसून राहिलेला माणूसही चर्चा बदलतो.

नावं झाकायची की नाही यावर वाद घालण्यात वेळ जातो. रेफरीचं नाव अर्जदाराला कळू नये, एवढं नक्की पाळा. अर्जदाराचं नाव झाकणार असाल तर नीट झाका. मुखपृष्ठावरचं नाव पुसतात आणि फाइलच्या गुणधर्मांत ते तसंच राहतं, पान 6वर "आमच्या आधीच्या कामात आम्ही दाखवलं" असं असतं, किंवा फाइलचं नावच आडनावाने असतं. एवढं करून मुंबईतल्या खाडीच्या गाळावर कोण काम करतं हे वाचक ओळखणारच, म्हणून दुहेरी आंधळ्या, म्हणजे दोन्हीकडची नावं झाकायच्या, पद्धतीवर फार भिस्त ठेवू नका.

फॉर्म एका पानाचा. प्रश्न काय विचारता यावर अहवालाची प्रत ठरते. "प्रस्तावाबद्दल आपलं मत द्या" असं विचारलं की विशेषणं येतात. त्याऐवजी विचारा: हा प्रश्न याआधी कुणी सोडवला आहे का, असल्यास कुठे? निवडलेल्या पद्धतीने हे उत्तर मिळेल का, आणि सर्वांत कच्चा दुवा कोणता? मागितलेल्या रकमेतलं काय अनावश्यक आहे आणि काय मागायचं राहून गेलंय? कोणती एक सुधारणा केली तर तुम्ही होकार द्याल? शेवटी गुण, 1 ते 4. पाचाची पट्टी देऊ नका, निम्मे वाचक 3 देऊन मोकळे होतात. वेळ तीन आठवडे, चौदाव्या दिवशी आठवण. मानधन थोडं असलं तरी वेळेवर द्या, पुढच्या वर्षी पुन्हा याच माणसांकडे जायचंय.

बैठकीच्या आधी सगळे गुण सचिवाकडे आलेले असावेत. नाहीतर ज्येष्ठ सर आधी बोलतात आणि बाकीच्यांचे आकडे त्यांच्या आकड्याकडे सरकतात. तीन वाचकांच्या गुणांत 2 किंवा जास्त फरक असेल तेच प्रस्ताव सविस्तर चर्चेला घ्या. तिथे सरासरी काढू नका. 1 आणि 4 यांची सरासरी 2.5 येते, पण तसं मत दोघांपैकी कुणाचंच नसतं. एकाने काहीतरी पाहिलंय जे दुसऱ्याला दिसलेलं नाही, ते काय आहे हे अहवालात शोधा. नाकारलेल्या अर्जदाराला कारणं लेखी द्या, रेफरींच्या शब्दांत, फक्त बोचरे शब्द काढून.

नॅकची पीअर टीम हा वेगळा प्रकार आहे. ती संस्था पाहते, तुमचा निबंध वाचत नाही. मात्र तुमच्या या प्रक्रियेची कागदपत्रं तिच्यासमोर ठेवता येतात.

सॉफ्टवेअरच्या साम्य-टक्क्यांना कुणी समीक्षा समजू नये. यूजीसीच्या 2018च्या वाङ्मयचौर्याविरोधी नियमात 10 टक्क्यांपर्यंत दंड नाही, 10 ते 40मध्ये सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, 40 ते 60मध्ये वर्षभर जमा करायला मनाई, 60च्या पुढे नोंदणी रद्द. टक्के शब्दांचं साम्य सांगतात, चोरलेली कल्पना सांगत नाहीत. मराठी विभागांना यात एक खास खाचखळगा आहे. युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर सॉफ्टवेअरला निरर्थक इंग्रजी अक्षरांसारखा दिसतो आणि साम्य शून्याच्या आसपास येतं. असा स्वच्छ अहवाल आला तर आधी फॉन्ट पाहा. तसंच रेफरींना एक ओळ लिहून द्या की प्रस्ताव चॅटबॉटमध्ये टाकायचा नाही. अमेरिकेच्या एनआयएचने, म्हणजे वैद्यकीय संशोधनाला अनुदान देणाऱ्या सरकारी संस्थेने, जून 2023मध्येच आपल्या समीक्षकांना तशी मनाई केली, कारण तसं करणं म्हणजे गोपनीय मजकूर तिसऱ्याच्या हाती देणं.

राहिल्या तुमच्या अडीच पानांच्या दुरुस्त्या. तीन रकान्यांचा तक्ता करा: परीक्षकाचं वाक्य जसंच्या तसं, तुमचं उत्तर, आणि बदल कुठे केला. तिसऱ्या रकान्यात जुना आणि नवा असे दोन्ही पान क्रमांक द्या, कारण परीक्षकाच्या हातात जुनी प्रत असते. एका आक्षेपात दोन प्रश्न असतील तर दोन ओळी करा, नाहीतर दुसरा निसटतो आणि व्हायवात नेमका तोच विचारला जातो. सगळं मान्य करायची सक्ती नाही. एखादा मुद्दा पटत नसेल तर "मान्य नाही" एवढ्यावर थांबू नका, संदर्भ किंवा आकडा देऊन कारण लिहा, आणि प्रबंधातही तिथे एक वाक्य घाला, कारण जी शंका परीक्षकाला आली ती पुढच्या वाचकालाही येणार. नवे नमुने घेणं आता शक्य नसेल तर निष्कर्ष आकुंचित करा आणि तो बदल फक्त शेवटच्या प्रकरणात न करता सारांशातही करा. घाईत सारांश तसाच राहतो, आणि व्हायवाला बसलेले बरेच जण तेवढाच वाचून आलेले असतात.